जुनी गाडी: पेट्रोलचा काटा नाचतो, चढावर गाडी दम सोडते. पंप बदलावा का?

नमस्कार मंडळी. गाडी जुनी आहे, पेट्रोल इंजेक्शनची, पंप टाकीच्या आत. काटा अर्ध्यावरून एकदम शून्यावर येतो, थोड्या वेळाने आपसूक वर जातो. त्यातच लांब चढावर इंजिन झटके देतं आणि गरम गाडी सुरू करायला बराच वेळ सेल्फ मारावा लागतो. मेकॅनिकने न तपासताच 'पंप गेला, पूर्ण असेंब्ली बदला' म्हणून सांगितलं. आधी काय तपासू? मल्टीमीटर आहे. जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १
पंप अजिबात बदलू नका, आधी अर्थिंग (करंट बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हला परत नेणारी जोडणी) बघा. पंप आणि फ्लोट (टाकीतली पातळी काट्याला कळवणारं तरंगतं युनिट) बहुतेक गाड्यांत एकाच झाकणावर बसतात, आणि कित्येक गाड्यांत दोघांची अर्थची वायरही एकच असते. पंप काही अँपिअर करंट ओढतो, फ्लोटचा करंट अगदी नगण्य. ती वायर गंजली की पंपाचा करंट तिथे अडतो, पंपाला पूर्ण व्होल्टेज मिळत नाही आणि काटाही खोटं दाखवतो. तुमच्या दोन्ही तक्रारी एकाच जागी जुळतात त्या अशा.

चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद पंपाची घुर्रर्र ऐकू येईल. तो आवाज थांबतो त्याच क्षणी काटा हलला, तर संशय अर्थवरच.

आता इंजिन चालू ठेवून मल्टीमीटर डीसी व्होल्टवर लावा. एक प्रोब पंपाच्या कपलरच्या (वायरींच्या जोडाच्या) अर्थ पिनला मागच्या बाजूने, दुसरा बॅटरीच्या निगेटिव्हला. ०.१-०.२ व्होल्ट आले तर ठीक. अर्धा व्होल्ट किंवा जास्त म्हणजे दोष त्या वायरीत. पॉझिटिव्हची बाजूही अशीच मोजा, पंपाची पॉझिटिव्ह पिन ते बॅटरीचा पॉझिटिव्ह. रिलेचे (पंपाला करंट देणाऱ्या इलेक्ट्रिक स्विचचे) जळके पॉइंट तिथे सापडतात. कपलर काढून मोजू नका. लोड नसताना, म्हणजे पंप करंट ओढत नसताना, सडक्या वायरीतूनही पूर्ण १२ व्होल्ट दिसतात, आणि चांगले पंप भंगारात जातात ते याच मोजणीमुळे.

प्रतिसाद २
वरच्याला +१. अर्थ चांगली निघाली तर फ्लोट बघा. युनिट बाहेर काढून मीटर ओहमवर ठेवा आणि दांडी हाताने अगदी सावकाश वर-खाली करा. आकडा सलग बदलायला हवा. मध्येच उडाला तर ट्रॅक (दांडीचा संपर्क जिच्यावर सरकतो ती पट्टी) झिजलाय. पोकळ फ्लोट कानाजवळ हलवूनही बघा. आत पेट्रोल शिरलं असेल तर डुचमळतं, आणि असा फ्लोट बुडून राहतो.

टाकी उघडण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे लाइनमधलं प्रेशर उतरेल. मग बॅटरीचा निगेटिव्ह काढा. काम मोकळ्या हवेत करा, इंजिन थंड असताना. पेट्रोलच्या वाफेला एक ठिणगी पुरते, इथे घाई नकोच.

प्रतिसाद ३
कार्बोरेटरवाल्यांसाठी: तुमचा पंप बहुधा इंजिनवरचा डायफ्रामचा असतो, त्याला हे व्होल्टेजचं गणित लागू नाही. ऑइलच्या डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला तर डायफ्राम फाटलाय समजा. तशी गाडी चालवू नका, पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं.

धागाकर्ता
सगळ्यांचे मनापासून आभार! अर्थला ०.९ व्होल्ट आले. बॉडीवरचा बोल्ट रंग आणि गंजाखाली पार दबला होता. घासून चकचकीत केला, वायरीच्या टोकाला नवीन लग (बोल्टखाली बसणारी धातूची कडी) लावला, आता ०.१. काटा स्थिर झाला, गाडी लगेच सुरू होते. पण मोठ्या चढावर अजून किंचित ओढ कमी वाटते.

प्रतिसाद १
छान! आता फ्युएल फिल्टर बदला, तो स्वस्त असतो. तरीही ओढ कमी वाटली तर प्रेशर गेज लावून घ्या. बऱ्याच गाड्यांत ते साधारण ३ बार असतं, पण तुमच्या मॅन्युअलमधला आकडा धरा. आयडलवर बरोबर दाखवून भागत नाही. गेज लावलेलं असताना चढावर सुई पडते का, ते बघा. पडली तर पंपाच्या तोंडाची जाळी तुंबलीय किंवा पंप खरंच थकलाय. आणि टाकी कायम रिझर्व्हवर ठेवू नका, आतला पंप पेट्रोलमुळेच थंड राहतो.