सिस्टरांच्या बोटांच्या बेचक्यांत भेगा: सुरुवात कुठून करावी?

शुभदा_आयसीयू:
आमच्याकडे बऱ्याच सिस्टरांचे हात लाल, कोरडे, बेचक्यांत भेगाळलेले. हँडरब (हातांना चोळायचं अल्कोहोलचं द्रावण) चरचरतो म्हणून सगळ्या पुन्हा साबणाकडे वळल्यात. ग्लोव्हज लेटेक्सचे (नैसर्गिक रबराचे), पावडरवाले. कुणी नीट सांगेल का?

त्वचारोग_डॉक:
ताई, साबणाकडे वळल्याने दुखणं वाढतंय. हँडरब चरचरतो कारण कातडी आधीच फाटलेली आहे. साबण त्वचेतलं तेल धुऊन नेतो, हँडरब त्यामानाने फार कमी, शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या फॉर्म्युल्यात १.४५ टक्के ग्लिसरीन असतंच. रक्त-मळ लागला, शौचालयाला जाऊन आलात किंवा सी. डिफिसिल या जुलाब करणाऱ्या जिवाणूचा पेशंट असेल तरच साबण. एरवी २०-३० सेकंद हँडरब. धुवायचं तेव्हा आधी हात ओले, मग साबण. पाणी साधं किंवा कोमट, कढत कधीच नको. टिपून कोरडं करा, चोळू नका. आणि धुतल्यावर लगेच वर हँडरब ही सवय आधी मोडा, दुप्पट मार बसतो.

संसर्ग_नियंत्रण:
ग्लोव्हज ओल्या हातांवर चढवतात, तिथेच अर्धा घोळ होतो. हँडरब पूर्ण वाळू द्या. अमेरिकेने पावडरचे ग्लोव्हज २०१७ पासून बंद केलेत, कारण लेटेक्सची प्रथिनं पावडरीला चिकटून हवेत उडतात. बिनपावडरचे नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे) ग्लोव्हज मागवा. अंगठी घरी ठेवा, तिच्याखाली साबण साचतो.

क्रीम पंपाच्या बाटलीतलं, सामाईक डबी नको. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर मावेल एवढं, म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, एका हाताला. बेचक्या आणि नखांच्या कडा हमखास राहून जातात. ड्युटीवर व्हॅसलीन नको, लेटेक्स कमकुवत होतं. रात्री मात्र जाड थर लावून सुती हातमोजे घालावेत.

त्वचारोग_डॉक:
एक राहिलं. नायट्राइल वापरूनही मनगटावर ग्लोव्हच्या कडेपाशी खाजरी रेघ उमटली तर रबर बनवताना घालतात त्या थायुराम-कार्बामेट रसायनांची ॲलर्जी असू शकते. पॅच टेस्ट (ॲलर्जीची त्वचाचाचणी) करा, पाठीवर ४८ तास पट्ट्या असतात. ग्लोव्ह घालताच काही मिनिटांत अंगावर गांधी उठल्या, शिंका आल्या, धाप लागली तर ती लेटेक्सची ॲलर्जी. त्या दिवसापासून लेटेक्स पूर्ण बंद, आणि लगेच डॉक्टरांना दाखवा.

शुभदा_आयसीयू:
आणि सफाईच्या मावशींचं? त्यांचे हात तर दिवसभर हायपोक्लोराइटमध्ये (ब्लीचच्या जंतुनाशक द्रावणात).

संसर्ग_नियंत्रण:
त्यांना तपासणीचे पातळ ग्लोव्हज देणं चूकच. कोपरापर्यंतचे जाड रबरी हातमोजे, प्रत्येकीला स्वतःचे, दोन जोड्या. आत पाणी शिरलं की काढायचे, हात धुऊन पुसायचे, दुसरी कोरडी जोडी चढवायची. भिजलेला मोजा तसाच ठेवला तर द्रावण कातडीवर दाबून बसतं.