गड्ड्यातली रिंग आणि मोबाइलमधली बंद पेटी: यांतला जुगार नेमका कोणता?

होटगीरोडकर (धागा सुरू करणारे)

माझा भाचा इयत्ता आठवीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत त्याने आईच्या फोनवरून एका खेळात 4,200 रुपये घालवले. हे घरात कळले तेही गॅस सिलिंडरचे पैसे देताना खात्यात पुरेशी शिल्लक नाही असे दिसले तेव्हा. बँकेचे संदेश येत होते, पण ते वाचले कोणीच नव्हते. खेळाचे नाव घेत नाही, कारण नाव बदलले तरी रचना तीच असते. इतक्या पैशांत त्याला मिळाले काय, तर बंदुकीला चढवायचा एक रंग आणि पाठीवरच्या पिशवीची दोन रूपे. ज्या पोशाखासाठी हा सारा खटाटोप केला तो मात्र मिळाला नाही, कारण तो पोशाख विकायला ठेवलेलाच नाही. विकायला आहे ती बंद पेटी, आणि त्या पेटीतून तो पोशाख निघण्याची शक्यता.

मला आपल्या सोलापुरातल्या होम मैदानावरचा गड्डा, म्हणजे सिद्धेश्वरांची जत्रा, आठवला. मांडणीवर साबणाच्या वड्या, पावडरचे डबे, मधोमध ठोकळ्यावर ठेवलेले घड्याळ, आणि मूठभर पैशांत हाती येणाऱ्या पाच-सहा रिंगा. घड्याळाभोवती रिंग बसत नाही हे वडिलांना ठाऊक होते, आणि दोन जत्रांनंतर मलाही कळले, कारण रिंग ठोकळ्याच्या कोपऱ्यावर अडकून तिरकी राहते हे डोळ्यांना दिसत असे. पेटीत तसे काहीच दिसत नाही. ती उघडताना प्रकाश पडतो, चक्र फिरते, हवा असलेला पोशाख अगदी शेजारून सरकत जातो आणि हातात पिशवी येते.

केंद्र सरकारचा ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा ऑगस्ट 2025 मध्ये संसदेत संमत झाला आणि 22 ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून पैसे जिंकण्याचे खेळ त्याने बंद केले, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. सुमारे 45 कोटी लोक अशा खेळांत वर्षाला सुमारे 20,000 कोटी रुपये गमावतात, असा सरकारचाच अंदाज होता. मला कायद्याच्या हेतूवर शंका नाही. माझा प्रश्न असा आहे की ज्या खेळात पैसे परत मिळण्याची थोडी तरी आशा होती तो जुगार ठरला, आणि ज्या खेळातून एक रुपयाही परत येऊ शकत नाही तो करमणूक ठरला, हे खिशाच्या बाजूने पाहिले तर उलटे नाही काय?

नवीपेठ_रिपेअर

धागाकर्त्यांचे दुःख समजू शकतो, परंतु निष्कर्ष पटत नाही. माझे मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे आणि मी स्वतः रोज रात्री तासभर खेळतो. माझ्याकडे येणारी निम्मी मुले एमआयडीसीत किंवा टॉवेलच्या कारखान्यात पाळी करणारी आहेत. त्यांच्याकडे आठ-दहा हजारांचा, पुष्कळदा जुना घेतलेला फोन असतो, आणि त्यावर ती एक पैसाही न देता हैदराबादच्या किंवा गुवाहाटीच्या मुलाशी बरोबरीने खेळतात. हा खेळ त्यांना फुकट मिळतो, कारण शंभरातले काही मोजके हौशी लोक पेट्या विकत घेतात. पेट्या बंद केल्या तर सर्व्हरचा खर्च कोण देणार? मग खेळ चार हजारांना विकावा लागेल, आणि तो विकत घेणारी मुले होटगी रोडवर भेटतील, विडी घरकुलाच्या कामगारवस्तीत नाही.

पोशाखाने गोळी अधिक जोरात लागत नाही, हेही लक्षात घ्यावे. लग्नात पाच हजारांचा शेरवानी एका दिवसासाठी भाड्याने घेणाऱ्याला आपण जुगारी म्हणत नाही.

कोर्टाची_पायरी

वकिलीच्या सवयीने आधी व्याख्येकडे वळतो. जुगारबंदीसाठी महाराष्ट्रात 1887 चा कायदा आहे, आणि जुगार म्हणजे नशीब, कौशल्य म्हणजे जुगार नव्हे, ही विभागणी आपल्याकडे दीर्घकाळ चालत आली. रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्ये म्हटले, आणि त्या एका वाक्याच्या आधारावर पुढे कित्येक ॲप उभी राहिली. नव्या कायद्याने ती विभागणीच मोडीत काढली. तो पाहतो ते एवढेच, की खेळणारा पैसे किंवा पैशांसमान काही पणाला लावून आर्थिक व अन्य लाभाची अपेक्षा धरतो का. गंमत अशी की ‘पणाला लावलेली गोष्ट’ या शब्दांच्या व्याख्येत पैशांनी घेतलेली आभासी नाणीसुद्धा येतात. म्हणजे भाच्याने दिलेली नाणी व्याख्येत बसतात. अडते ते पोशाखाला ‘लाभ’ म्हणायचे की नाही यावर.

हाच पेच परदेशातही पडला आहे. नेदरलँड्समध्ये फुटबॉलच्या खेळातल्या खेळाडूंच्या बंद पाकिटांसाठी इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या व्हिडिओ गेम कंपनीला एक कोटी युरो दंड ठोठावण्यात आला होता. मार्च 2022 मध्ये तेथील वरिष्ठ न्यायपीठाने तो रद्द केला. पाकीट हा स्वतंत्र खेळ नसून कौशल्याच्या मोठ्या खेळाचा भाग आहे, असे कारण दिले. आपला 1968 चा तर्कच जणू डच भाषेत वाचल्यासारखे मला वाटले. बेल्जियमने मात्र 2018 मध्ये अशा विकतच्या पेट्यांना सरळ जुगार ठरवले. शेजारशेजारचे दोन देश, एकाच प्रकारची पाकिटे आणि दोन उलट निकाल.

सातवी_ब_च्या_बाई

मी तीस वर्षे शिकवते आहे, त्यामुळे घाबरवणाऱ्या प्रत्येक बातमीकडे आधी संशयाने पाहण्याची सवय लागली आहे. ऑगस्ट 2017 मध्ये आपल्या शहरातून निघून गेलेला एक शाळकरी मुलगा भिगवणला पोलिसांना सापडला, आणि त्याने ‘ब्लू व्हेल’ या मुलांना आत्महत्येकडे नेतो म्हणवल्या गेलेल्या खेळापायी घर सोडल्याचे वृत्त देशभर गाजले. त्या आठवड्यात आमच्या शाळेत पालकांची रीघ लागली. कोणी मुलांच्या मनगटांवर ओरखडे आहेत का ते पाहत होते, तर कोणी फोन कुलपात ठेवत होते. केंद्राने समाजमाध्यम कंपन्यांना त्या खेळाचे दुवे काढून टाकण्याचा आदेश दिला. पुढे जानेवारी 2018 मध्ये सरकारनेच लोकसभेत सांगितले की तपासलेल्या घटनांपैकी एकाचाही संबंध त्या खेळाशी सिद्ध झालेला नाही. तेव्हा ज्यांनी आरडाओरडा केला त्यांपैकी किती जणांनी हे दुसरे वृत्त वाचले असेल?

म्हणून मला भीती वाटते ती अशी, की पेट्यांविरुद्ध मोहीम सुरू झाली की ती पुन्हा ‘मोबाइलने पिढी बिघडवली’ या ओळखीच्या रस्त्याला लागेल आणि मुलांच्या हातातला फोन काढून घेण्यावर संपेल. बेल्जियमच्या बंदीचे कौतुक वकीलसाहेबांनी केले नाही हे बरे झाले, कारण तिथे आयफोनवर सर्वाधिक कमाई करणाऱ्या 100 खेळांपैकी 82 खेळांत बंदीनंतरही अशा पेट्या विकल्या जात होत्या, असे 2022 मध्ये एका संशोधकाने मोजून दाखवले. बंदी कागदावर राहिली आणि पालक मात्र निर्धास्त झाले.

काकांचा_स्टॉल

एक छोटी दुरुस्ती. माझे काका बारा वर्षे गड्ड्यात रिंगचा स्टॉल लावत. रिंग घड्याळाभोवती बसत नाही हे खरे नाही. ती बसते, पण ठोकळ्यावर अगदी आडवी, वरून सरळ खाली पडली तरच. काका दुपारी गर्दी जमवण्यासाठी स्वतः टाकून दाखवत आणि ती बरोबर बसत असे, कारण ते आत उभे राहून वाकून टाकत. गिऱ्हाईक दोरीच्या बाहेरून टाकते. म्हणजे फसवणूक रिंगमध्ये नव्हती, अंतरात होती. तेव्हा जुना गड्डा भाबडा आणि नवा मोबाइल लबाड, असे चित्र रंगवू नये.

होटगीरोडकर

काकांच्या दोरीची गोष्ट मी मनापासून मान्य करतो आणि माझा मुद्दा तिच्याच आधारे पुन्हा मांडतो. ती दोरी सर्वांना दिसत होती, आणि आमदारांच्या मुलासाठी व माझ्यासाठी ती एकाच अंतरावर होती. पेटीतली दोरी विकणाऱ्याच्या संगणकात असते. ती कोणासाठी कुठे बांधली आहे हे बाहेरून कळण्याची सोय नाही. चीनने 2017 पासून कंपन्यांना शक्यता जाहीर करायला लावल्या, ॲपलने त्याच वर्षाच्या अखेरीस आपल्या दुकानापुरता तसा नियम केला. परंतु त्या शक्यता कुठल्याशा चिन्हाच्या मागे, तीन पडदे ओलांडून, बारीक अक्षरांत असतात. भाच्याला मी त्या दाखवल्या तेव्हा त्याने त्या पहिल्यांदाच पाहिल्या. पोशाखाची शक्यता एक टक्क्याहूनही कमी होती.

बाईंचा ब्लू व्हेलचा दाखला वजनदार आहे, पण तो इथे लागू पडत नाही असे मला वाटते. तिथे लोक शोधत होते ती वस्तूच कोणाच्या हाती लागली नाही. इथे वस्तू दुकानात आहे, तिची किंमत छापलेली आहे आणि बँकेच्या उताऱ्यावर तिची नोंद आहे. जपानमध्ये बंद डबीतून खेळणे देणाऱ्या यंत्रावरून अशा पेट्यांसाठी ‘गाचा’ हा शब्द आला. विशिष्ट वस्तूंचा पूर्ण संच जमला तरच मोठे बक्षीस, हा त्यातला सर्वांत वाईट प्रकार तेथील ग्राहक यंत्रणेने 2012 मध्ये बेकायदा ठरवला. त्यासाठी कोणी मुलांचे फोन काढून घेतले नाहीत.

आता नवी पेठेच्या मित्रांविषयी. नोव्हेंबर 2017 मध्ये ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट 2’च्या पेट्यांवरून जगभर गदारोळ झाला. कंपनीने रेडिटवर केलेल्या खुलाशाला सहा लाखांहून अधिक नापसंत्या मिळाल्या, नायकांच्या किमती 75 टक्क्यांनी उतरल्या आणि खेळ बाजारात येण्याच्या तोंडावर पैसे घेऊन होणारी विक्री थांबवावी लागली. तो राग चालला, कारण ओरडणाऱ्यांनी खेळासाठी आधीच 60 डॉलर मोजले होते. आपल्या मुलांनी काहीच मोजलेले नसते, म्हणून त्यांना तक्रारीचा हक्कच नाही असे आपण धरून चालतो, आणि ‘फुकट खेळतोस ना, मग गप्प बस’ हे आपणच कंपनीच्या वतीने त्यांना सांगतो. शेरवानीचे उदाहरण तर माझ्याच बाजूचे आहे. दुकानदाराने पाच हजार घेऊन बंद गाठोडे हाती दिले असते आणि त्यात रुमाल निघाला असता, तर आपण नवी पेठ डोक्यावर घेतली असती.

नवीपेठ_रिपेअर

गाठोड्याचे उदाहरण लागले, हे कबूल करतो. तरीही पालकांची जबाबदारी तुम्ही सहज वगळलीत. भारतात जुलै 2021 मध्ये आलेल्या बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) या खेळाने 18 वर्षांखालील मुलांसाठी दिवसाला तीन तास आणि 7,000 रुपये अशी मर्यादा घातली होती. पिन आईचा होता, तो मुलाला कोणी सांगितला?

सातवी_ब_च्या_बाई

दादा, दिवसाला सात हजार ही मुलांच्या रक्षणासाठी घातलेली मर्यादा आहे, हे वाक्य विडी घरकुलात उभे राहून एकदा मोठ्याने वाचून पाहा. तिथल्या कित्येक घरांचा महिना एवढ्यात भागवावा लागतो. मी घबराटीच्या विरुद्ध आहे, कंपनीच्या बाजूने नाही. आणि पिन मुलाला ठाऊक असतो, कारण आईचे रेशनचे, विजेचे आणि रिचार्जचे सारे व्यवहार तोच करून देतो. माझ्या वर्गातली निम्मी मुले घरचे कारकून आहेत.

कोर्टाची_पायरी

बाईंचा हा मुद्दा कायद्यालाही जवळचा आहे. अज्ञान, म्हणजे 18 वर्षांखालील, व्यक्तीने केलेला करार आपल्याकडे मुळातच रद्दबातल असतो, हे 1903 पासून ठरलेले आहे, पण 4,200 रुपयांसाठी दावा कोण लावणार? अमेरिकेत जानेवारी 2025 मध्ये ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ या खेळाच्या कंपनीने दोन कोटी डॉलर भरण्याचे आणि 16 वर्षांखालील मुलांना पालकांच्या संमतीविना पेट्या न विकण्याचे मान्य केले. तिथल्या तक्रारीत एक आक्षेप असा होता की खऱ्या पैशांची नाणी, नाण्यांचे आणखी काही, त्याची पेटी, अशा पायऱ्यांमुळे एका वस्तूला किती डॉलर पडले हे मुलांना कळतच नाही. आपल्याकडे त्यासाठी नवा कायदा लागेल असेही नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी ग्राहकाला चकवणाऱ्या 13 मांडण्यांची यादी काढली आहे आणि ‘खोटी घाई’ तीत पहिलीच आहे. पेटीवर उलटे मोजणारे घड्याळ शून्यावर येऊन दुसऱ्या दिवशी तीच पेटी परत दिसत असेल, तर त्याची छायाचित्रे काढून 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवा. होटगीरोडकर, आपण नोंदवली आहे का?

काकांचा_स्टॉल

आणि पेटीवर किंमत नाण्यांत नव्हे, रुपयांत लिहायला लावा. काकांच्या शेजारी पाळण्यावाल्याने एका वर्षी कूपन काढली होती. पैसे आधी द्यायचे, कूपन घ्यायची, उरलेली परत घेणार नाही. काका त्याला म्हणाले होते, ‘हा आपल्यापेक्षा पुढचा आहे.’

होटगीरोडकर

वकीलसाहेब, तक्रार परवा नोंदवली, क्रमांक मिळाला आहे. नवी पेठेचे म्हणणेही ऐकले आहे: बहिणीने पिन बदलला, आणि विजेचे बिल आता ती स्वतः भरते, जरा चाचपडत.

कूपनवरून आठवले. भाच्याच्या खात्यात अजून 35 नाणी शिल्लक आहेत. सर्वांत स्वस्त पेटी 60 नाण्यांची आहे, आणि नाणी विकत मिळतात ती 50 च्या खाली नाही. तो काल मला विचारत होता, की आपलेच पैसे आहेत, तर फक्त एकदाच 50 टाकून ती 35 वापरून टाकू का, म्हणजे वाया जाणार नाहीत. मी हिशेब करायला कागद दिला. त्याने 85 मधून 60 वजा केले आणि खाली उरलेल्या 25 कडे बराच वेळ पाहत बसला.