बाबांना अगाथा ख्रिस्ती कुठून सुरू करून देऊ? (अर्नाळकरांवर वाढलेला वाचक आहे!)

अंगणातली_सुपारी:
नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. मे महिन्यात बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता नीट दिसायला लागलंय तर रोज पुस्तक दे पुस्तक दे म्हणून मागे लागलेत. आम्ही गुहागरजवळ राहतो, पाऊस लागला की बाहेर पडणं बंद, लाईटचा भरवसा नाही आणि मालिका त्यांना बघवत नाहीत. लहानपणी बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा नुसत्या फस्त केल्यात त्यांनी, झुंजार, काळापहाड, धनंजय, सगळे नायक. भाड्याने आणायचे आणि आजोबा यायच्या आत माळ्यावर फेकायचे. पोस्टात नोकरी झाली त्यामुळे इंग्रजी वाचतात, सावकाश पण वाचतात. तर भावाने मुंबईहून त्याचं ख्रिस्तीचं खोकं पाठवलं, पंधराएक पुस्तकं असतील, आणि बाबांनी सगळ्यात वरचं उचललं ते नेमकं 'कर्टन'. दहा पानं वाचून म्हणाले, हा कसला डिटेक्टिव्ह, हा तर माझ्यापेक्षा म्हातारा, चाकाच्या खुर्चीत बसलाय. आता खोक्याला हात लावत नाहीत. कुठलं देऊ?

खारेवारे:
अरे देवा, ताई ते पुस्तक आधी काढून घ्या! 'कर्टन' म्हणजे पॉयरोची, ख्रिस्तीबाईंच्या नेहमीच्या डिटेक्टिव्हची, शेवटची केस, बाईंनी दुसऱ्या महायुद्धात लिहून कपाटात ठेवली आणि १९७५ ला बाहेर काढली, तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सने पहिल्या पानावर पॉयरोची निधनवार्ता छापली होती, कादंबरीतल्या माणसाची! ते सगळ्यात शेवटी.
पॉयरोच्या ३३ कादंबऱ्या आहेत, पहिलीपासून ओळीने वाचायची काही गरज नाही, पण दोन ठिकाणी खड्डे आहेत ते सांगतो कारण मी दोन्हीत पडलोय. 'डंब विटनेस' (१९३७) मध्ये पॉयरो बोलता बोलता आधीच्या चार पुस्तकांतल्या खुन्यांची नावं घेऊन टाकतो, 'स्टाइल्स', 'रॉजर अ‍ॅक्रॉइड', 'ब्लू ट्रेन' आणि 'डेथ इन द क्लाउड्स'. आणि 'कार्ड्स ऑन द टेबल'मध्ये एका वाक्यात 'ओरिएंट एक्स्प्रेस'चं गुपित फुटतं. स्वतः लेखिकेनेच पेपर फोडलाय, काय बोलणार. म्हणून ही दोन खोक्याच्या तळाला टाका.
सुरुवात 'द एबीसी मर्डर्स'ने करा. झुंजार वाचलेल्या माणसाला पॉयरो संथ वाटणार हे गृहीत धरा, हा भिंतीवरून उड्या मारत नाही, मिशा सांभाळतो आणि बुटाला धूळ लागली तर दुःखी होतो. पण एबीसीत खुनी आधी पत्र पाठवून आव्हान देतो, ते अर्नाळकरवाल्यांना लगेच धरतं.

मालवणी_गजाल:
माका इचारशात तर पॉयरोक बाजूक ठेवा नि मिस मार्पल द्या, ख्रिस्तीचीच दुसरी डिटेक्टिव्ह, खेड्यातली म्हातारी. बारा कादंबऱ्या फक्त, आणि त्या म्हातारीचं गाव म्हणजे आपली वाडीच. कोणाच्या पडवीत कोण किती वेळ बसलं, कोणाच्या घरी अचानक नवी साडी आली, सगळं हिशोबात. खून झाला की ती म्हणते हा माणूस मला आमच्या गावच्या अमक्याची आठवण करून देतो, नि तिथूनच धागा लागतो. आमच्या वाडयेत पण असली एक आजी आसा, तिका सगळा म्हायत, फक्त पोलीस तिका इचारूक येणत नाय.
'द थर्टीन प्रॉब्लेम्स' बघा खोक्यात आहे का. तेरा छोट्या गोष्टी, एक संपेपर्यंत मेणबत्ती पुरते 😀

दुकानदार_चिपळूण:
मी मेडिकल चालवते त्यामुळे माझा मुद्दा विषाचा. ख्रिस्तीबाई पहिल्या महायुद्धात टॉर्कीच्या हॉस्पिटलमध्ये आधी नर्सिंग आणि मग औषधं बनवायच्या खोलीत होत्या, रीतसर परीक्षा दिली होती, आणि बेल्जियमचे निर्वासित तेव्हा त्याच गावात आले होते म्हणून पॉयरो बेल्जियन. तिचं विष म्हणजे हवेतलं नाही, डोस, चव, किती वेळाने काय होतं, सगळं बरोबर. १९७७ मध्ये लंडनच्या एका हॉस्पिटलात आजारी बाळाचं निदान डॉक्टरांना होत नव्हतं, ते तिथल्या नर्सने तिची कादंबरी वाचत असल्यामुळे ओळखलं. कादंबरीचं नाव मुद्दाम सांगत नाही, सांगितलं की विष कळलंच.
काकांना 'फाइव्ह लिटल पिग्ज' द्या पण तिसरं-चौथं. सोळा वर्षांपूर्वीचा खून, पाच माणसं, तोच दिवस पाच तऱ्हांनी. माझ्या मते तिचं सगळ्यात चांगलं, एबीसी वगैरे ठीक आहे.

खारेवारे:
"ठीक आहे"???

दुकानदार_चिपळूण:
हो ठीक आहे. दादा तुम्ही पिग्ज परत वाचा मग बोलू.

फणसाचे_गरे:
भांडा सावकाश. मला वेगळंच सांगायचंय. काकांना डिटेक्टिव्ह कथांचा नाद आहे तर बाई स्वतः काय वाचायच्या ते त्यांना आवडेल. होम्स तर होताच, मोठ्या बहिणीने लावलेला, आणि गास्तों लरूचं 'यलो रूम' वाचून दोघी बोलत असताना मी पण अशी लिहीन म्हणाली तर बहीण म्हणे तुला जमणार नाही, तिथून 'स्टाइल्स', पॉयरोची पहिली कादंबरी. शिवाय डिकन्सचं 'ब्लीक हाउस' बाईंना फार आवडायचं. आणि गंमत म्हणजे 'द क्लॉक्स' (१९६३) मध्ये पॉयरो घरी बसून रहस्यकथाच वाचत असतो, 'लेव्हनवर्थ केस', आर्सेन लुपँ, 'यलो रूम', एकेकाची तारीफ आणि चिरफाड चाललेली. तेवढं एक प्रकरण वाचलं तरी पुढची यादी हातात येते.
अजून एक, तिच्या पुस्तकांत एरिएडनी ऑलिव्हर नावाची लेखिका येते, तिचा डिटेक्टिव्ह फिनलंडचा, आणि फिनलंडबद्दल बाईला काही माहीत नाही, त्याला निर्माण करून पस्तावलेली. ख्रिस्तीने स्वतःचीच टिंगल केलीये. हजारावर पुस्तकं लिहिणाऱ्या अर्नाळकरांना झुंजारचा कधी कंटाळा आला असेल का, हे काकांना विचारा माझ्यातर्फे.
आणि डोळ्यांना ताण पडला तर मराठी अनुवाद आहेत, वाचनालयात मिळतात, फक्त नावं बदललेली असतात म्हणून आतल्या पानावर मूळ नाव बघून घ्या नाहीतर तेच पुस्तक दोनदा यायचं. पिक्चरवाले असतील तर 'धुंद' (१९७३) तिच्याच नाटकावरनं आहे.

अंगणातली_सुपारी:
सगळ्यांचे खूप आभार! अपडेट देते. एबीसी दिलं, चार दिवसांत संपलं, मधे दोन रात्री लाईट नव्हती तर इन्व्हर्टर पंख्याला नको बल्बला दे म्हणाले. मग मी आगाऊपणा करून 'रॉजर अ‍ॅक्रॉइड' दिलं. काल रात्री साडेअकराला खोलीतून आवाज, "ही शुद्ध फसवणूक आहे!!" मी घाबरून धावले. पुस्तक उशीवर आपटलेलं, बाबा उठून बसलेले. आई म्हणाली अर्नाळकरांनी असं कधी केलं नसतं, तर तिलाच ओरडले. सकाळी चहाच्या आधी तेच पुस्तक पहिल्यापासून परत काढून बसलेत, पेन्सिल घेऊन, कुठे कुठे फसवलं त्याच्या खुणा करायला. भाऊ म्हणतो माझं पुस्तक खराब करतायत.
'डंब विटनेस' आणि 'कार्ड्स' मी तांदळाच्या पिंपामागे ठेवलीत. पण आज विचारत होते, खोक्यात पंधरा होती ना, तेराच कशी?

खारेवारे:
ताई माळ्यावर ठेवू नका फक्त, ती जागा त्यांना पाठ आहे.