अनुभव धागा : आयसीयूतल्या पेशंटच्या पायात होणाऱ्या गुठळ्या (सोलापूरकरांसाठी)

धागाकर्ता : पेशंट न्यूमोनियातून सावरतो आणि पायातली गुठळी फुफ्फुसात जाऊन घात करते. सोलापुरात आयसीयूत काम करणाऱ्यांनी लिहा. रडगाणं नको, कामाचं लिहा.

आयसीयू सिस्टर : गुठळी होऊ नये म्हणून एनोक्झापॅरिन (रक्त पातळ ठेवणारं, हेपॅरिनच्याच जातीचं इंजेक्शन) 40 मिग्रॅ, दिवसातून एकदा. बेंबीपासून दोन इंच सोडून, कातडीची घडी चिमटीत धरून सुई उभी घालायची. भरून आलेल्या सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढू नका, औषधही सांडतं. टोचल्यावर चोळायचं नाही, काळंनिळं पडतं. रोज बाजू बदला.

खरी गडबड डोस चुकण्यात आहे. ट्रॅकिओस्टॉमीसाठी (श्वासाची नळी घालायला गळ्याला छिद्र पाडतात ते) सकाळचा डोस थांबवतात, पुन्हा सुरू करायची ऑर्डर कुणी लिहीतच नाही. डोस रात्री 8 ला ठेवा, सकाळी 8 नंतरच्या प्रोसिजरला डोसपासून 12 तासांचं अंतर आपोआप मिळतं. पायाला गुंडाळलेल्या स्लीव्हमध्ये हवा भरून पोटऱ्या दाबणाऱ्या पंपाचंही तेच. आंघोळीला स्लीव्ह काढले की दुपारपर्यंत खाटेला लटकलेले, पंप मात्र सुरू!

फिजिओ : नातेवाईक प्रेमानं तेल लावून पोटऱ्या चोळायलेत, हे दिसलं की आधी थांबवा. सुजलेला पाय चोळला तर गुठळी सुटू शकते. गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून 10 सेंमी खाली पेनानं खूण करा, दोन्ही पोटऱ्या टेपनं रोज तिथंच मोजा. 3 सेंमीपेक्षा जास्त फरक आला तर डॉपलर (शिरांची सोनोग्राफी). पेशंट बेशुद्ध असेल तर दुखतंय असं कोण सांगणार? आणि मे महिन्यात 42 अंशांत अक्कलकोट-मंगळवेढ्याकडून आलेल्या पेशंटच्या अंगातलं पाणी मुळातच कमी झालेलं असतं, त्याच्याकडे जास्त लक्ष.

सोनोग्राफीवाला : डी-डायमर (गुठळीचा संशय असला की करायची रक्ततपासणी) मागवून पैसे घालवू नका, आयसीयूत तो बहुतेकांचा वाढलेलाच असतो. जांघेत आणि गुडघ्यामागं सोनोग्राफीचा प्रोब दाबा. चांगली शीर पूर्ण चपटी होते, गुठळी असली की होत नाही. जांघेत सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) असेल तर तो पाय आधी बघा. मात्र बघायचे दोन्ही.

इंटेन्सिव्हिस्ट : व्हेंटिलेटरवर अचानक ऑक्सिजन घसरला, नाडी पळाली, एक्स-रे मात्र तसाच, तर फुफ्फुसातली गुठळी डोक्यात हवी. क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनी किती काम करते त्याचा आकडा) 30 च्या खाली असेल तर आम्ही एनोक्झापॅरिनऐवजी साधं हेपॅरिन देतो, 5000 युनिट दर 8 किंवा 12 तासांनी. मेंदूत ताजा रक्तस्राव असेल तर सुरुवातीला फक्त पंप. हेपॅरिन सुरू केल्यापासून पाचव्या ते दहाव्या दिवसांत प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) निम्म्यावर आल्या तर हेपॅरिनवरच संशय घ्या. लाइन फ्लश करायचं हेपॅरिनसुद्धा बंद. एनोक्झापॅरिनवर बदलून भागत नाही.

फार्मासिस्ट : हेपॅरिनची 5 मिलीची वायल (इंजेक्शनची बाटली) दोन ताकदींत येते, 1 मिलीत 1000 युनिट आणि 1 मिलीत 5000. पहिलीतून 5000 युनिटला अख्खी वायल लागते, दुसरीतून 1 मिलीच. दोन्ही एका ट्रेमध्ये ठेवूच नका.