प्रतिसाद: कॅमेरा आधी की पाणी आधी?

दुष्काळ-दंगलीत फोटो काढणाऱ्याने आधी मदत करायला नको का, असा प्रश्न आलाय. नाशिकमध्ये वर्तमानपत्रासाठी फोटो काढायचो, म्हणून लिहितो.

मार्च 2018 मध्ये सीबीएस चौकातून शेतकऱ्यांचा लाँग मार्च निघाला. सुरगाणा, पेठ, दिंडोरीकडची आदिवासी माणसं वनजमिनीच्या हक्कासाठी मुंबईपर्यंत सुमारे 180 किलोमीटर चालली. कसारा घाटात एक आजी रस्त्याकडेला बसल्या होत्या, तळपायाची सालं निघालेली. कॅमेरा बाजूला ठेवला, पाणी दिलं, मग विचारलं, "आजी, फोटो काढू का?"

"पायाचा काढ. तोंडाचा नको, घरची घाबरतील."

तसाच काढला. अशा पायांच्या फोटोंनीच तेव्हा शहरातली माणसं हलली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

दक्षिण आफ्रिकेचा फोटोग्राफर केव्हिन कार्टरला निर्दय म्हणणं मला पटत नाही. 1993 मधला सुदानचा तो फोटो, उपाशी मूल आणि मागे गिधाड. गिधाडाला हाकलल्याचं त्याने सांगितलं होतं. 1994 मध्ये त्या फोटोला पुलित्झर, म्हणजे पत्रकारितेतलं मोठं पारितोषिक, मिळालं आणि त्याच वर्षी त्याने जीव दिला. बघणाऱ्यालाही जखम होते हो.

त्या आजींचं गाव विचारायचं राहून गेलं. छापलेला फोटो त्यांना दाखवायचा होता.