मेडिसिनसाठी मेडिकल, मेयो की धंतोलीतलं डीएनबी?

मानेवाड्याची_इंटर्न:
नीट-पीजीच्या रँकवर जनरल मेडिसिन मिळेल असं दिसतंय. राज्य कोट्यातून नागपुरातली सरकारी कॉलेजं, म्हणजे मेडिकल किंवा मेयो, नाहीतर धंतोलीतल्या एका खाजगी हॉस्पिटलात डीएनबी (एमडीच्या तोडीची पीजी). बाबा म्हणतात डीएनबीच घे, निदान झोप तरी होईल. चॉइस फिलिंगमध्ये (पसंतीचा फॉर्म भरताना) क्रम कसा लावू?

जेआर_तिसरं_वर्ष:
मेडिकल की मेयो, हा वाद नागपुरात कधी मिटत नाही, त्यात पडू नको. कॉलेज नाही, युनिट (विभागातली डॉक्टरांची टीम) पाहा. त्या युनिटचा इमर्जन्सी डे असेल तेव्हा रात्री दहानंतर जा आणि जेआर-१ला (पहिल्या वर्षाच्या ज्युनियर रेसिडेंटला) गाठ. एचओडींना (विभागप्रमुखांना) विचारून काही हाती लागणार नाही. सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी) कोण टाकतं? रात्री अडलं तर फोन कोण उचलतं? ब्लड सॅम्पल लॅबमध्ये कोण नेतं? पहिल्याचं उत्तर 'मी' आलं तर बरं. तिसऱ्याचंही 'मी'च आलं तर पहिलं वर्ष हमालीत जाणार समज.

केसेसची चिंता दोन्हीकडे नाही. सिकल सेल क्रायसिस, पावसाळ्यात सर्पदंश, गडचिरोलीहून मलेरिया, मे महिन्यात उष्माघात. वरून बालाघाट-छिंदवाड्याचे रेफर. पुस्तकात चार ओळी वाचलेला अ‍ॅक्यूट चेस्ट सिंड्रोम (सिकल सेलमध्ये फुप्फुसांना होणारा गंभीर त्रास) इथे वॉर्डात समोर धापा टाकत असतो.

कामाचे तास विचारू नको. केंद्राच्या १९९२च्या पत्रात आठवड्याला ४८ तास लिहिलेत, आम्ही ते वाचून हसतो. त्यापेक्षा गेल्या वर्षी किती जणांनी सीट सोडली ते विचार. आणि सरकारी पीजीनंतर वर्षभराची बंधपत्रित सेवा (बाँड) आहे, तीही हिशोबात धर.

डीएनबी_झालेली:
बाबांना सांग, झोप इथेही नाही. पेशंट कन्सल्टंटचा असतो, नातेवाइकांना 'मोठे डॉक्टर'च हवे असतात, म्हणून प्रोसिजर हातात यायला वेळ लागतो. पण सर शेजारी उभे राहून इको (हृदयाची सोनोग्राफी) शिकवतात, आयसीयू पक्का होतो. थिअरी देशभर एकच, एनबीईएमएसची (डीएनबीची परीक्षा घेणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची). आधीच्या बॅचमधले किती पहिल्या झटक्यात पास झाले, हे विचारल्याशिवाय ती सीट वर टाकू नको. मला पुन्हा निवडायचं असतं तर मी मेडिकल घेतलं असतं.

मानेवाड्याची_इंटर्न:
धन्यवाद सर, मॅडम. उद्या रात्री मेयोत जाऊन येते.

जेआर_तिसरं_वर्ष:
अ‍ॅप्रन घालून जाऊ नको, कामाला लावतील.