कडेवर बाळ, गॅसवर कढई : तुम्ही कसं जमवता?

डोंबिवली

घरातून खायचे पदार्थ विकताय आणि घरात पाच वर्षांखालचं मूल आहे अशा सगळ्यांनी लिहा, मला खरंच ऐकायचंय. आधी माझं सांगते. मोठी सहा वर्षांची, धाकटा अडीच. 2021 च्या दिवाळीला पहिल्यांदा ऑर्डरी घेतल्या, तेव्हा मोठी दोनची होती. 12 किलो चकली घेऊन बसले. सोऱ्या हातात, घाणा तेलात, आणि आतून हाक "आई शीऽऽ". गॅस बंद करून गेले, तिला धुतलं, हात साबणाने घासले, परत येऊन बघते तर तेल उतरलेलं आणि चकल्या तेल पिऊन मऊ पडलेल्या. त्या दिवसात असं चार वेळा झालं. 12 पैकी 9 किलो जेमतेम देता आल्या, बाकीच्या दोन बायकांना फोन करून पैसे परत केले आणि रात्री खूप रडले.

नंतर मी एक वही घेतली आणि मला येणारे सगळे पदार्थ दोन रकान्यांत लिहिले, मधेच सोडता येणारे आणि न येणारे. एवढंच केलं, पण तिथून माझं सगळं बदललं. चकली, पाकातले रव्याचे लाडू, चिरोटे हे सोडता येत नाहीत. एकतारी पाक दोन मिनिटं जास्त राहिला की लाडू दगड. पण थालीपिठाची भाजणी, चकलीची भाजणी, मेतकूट, दाण्याची चटणी हे सगळं सोडता येतं. बेसन भाजायला घेतलं आणि मूल उठलं तर गॅस बंद करायचा, अर्ध्या तासाने परत चालू करायचा, काही बिघडत नाही. आणि सगळ्यात भारी म्हणजे अनारशाचं पीठ. तांदूळ तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदलायला दोन मिनिटं लागतात, मग पंचावर सावलीत पसरायचे, हाताला जरा ओलसर लागताहेत तोवरच मिक्सरला लावायचे, चाळायचे, गूळ घालून गोळे करून डब्यात ठेवून द्यायचे. पुढचे चार-पाच दिवस ते आपोआप मुरतं, आपण मुलाला घेऊन बागेत जाऊ शकतो. आता मी अनारसे विकतच नाही, पीठ विकते. प्रत्येक डब्यातला एक अनारसा खसखशीवर थापून तळून बघते, हसला (म्हणजे तेलात विरघळून पसरला) नाही तरच पाकिटं भरते.

अन्नसुरक्षेचं (FSSAI) रजिस्ट्रेशन पण काढून घ्या गं, टाळू नका. मी काढलं तेव्हा छोट्या धंद्याला वर्षाला 100 रुपये फी होती, 14 आकडी नंबर मिळतो, तो पाकिटावर छापायचा. ऑनलाइन फॉर्म मी मोठीला मांडीवर झोपवून एका दुपारी भरला.

तुमचं सांगा आता.

पुणे, सिंहगड रोड

ताई, दोन रकान्यांचं अगदी पटलं. माझे उकडीचे मोदक, म्हणजे पूर्ण न सोडता येणाऱ्या रकान्यातले. उकड गरम असतानाच मळायची, थंड झाली की पाऱ्या फाटतात, आणि गिऱ्हाईकाला चतुर्थीला सकाळी 11 च्या आत नैवेद्यासाठी हवे असतात, त्यात उशीर चालतच नाही.

मागच्या वर्षी 21 चे सात सेट होते म्हणजे 147 मोदक. आदल्या रात्री दहा वाजता लेकाला ताप, 102. मुलगा साडेतीन वर्षांचा, अंगावरून खाली उतरेना. नवरा म्हणाला मी बघतो त्याला, पण त्याला आईच हवी होती. साडेअकराला मी आमच्याच सोसायटीतल्या एका काकूंना फोन केला, त्याही मोदक करतात, खरं तर आम्ही एकमेकींच्या स्पर्धक. म्हटलं काकू, सारण तयार आहे, आंबेमोहोराची पिठी आहे, तुम्ही चार सेट कराल का, पैसे सगळे तुमचे. त्या पहाटे चारला त्यांच्या सुनेला घेऊन आमच्याच ओट्याशी आल्या. त्यांच्या पाऱ्या माझ्यापेक्षा पातळ होतात, कळ्या पण जास्त पडतात, ते मी तेव्हा शेजारी उभी राहून बघितलं आणि शिकले. पैसे त्यांनी अर्धेच घेतले.

तेव्हापासून आम्ही दोघी ऑर्डर घेतानाच एकमेकींना सांगून ठेवतो. ज्यांची मुलं लहान आहेत त्यांनी अशी एक बाई आधीच शोधून ठेवा, ताप चढल्यावर शोधायला वेळ नसतो.

नागपूर

पुरुषाने लिहिलं तर चालेल ना? बायको बँकेत आहे, माझी नोकरी 2020 मध्ये गेली, तेव्हापासून घरी मुलगी आणि सांबारवडी दोन्ही माझ्याकडे आहे. (पुण्या-मुंबईच्या लोकांसाठी सांगतो, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर.) सांबार निवडून, धुवून, कपड्यावर पूर्ण कोरडा करा लागते, थोडं जरी पाणी राहिलं तरी सारण सुटते अन् वडी तेलात फुटते. हे निवडायचं काम मी पोरीसोबतच करतो, ती चार वर्षांची आहे, जुड्या सोडून देते, रबरं गोळा करून डबीत ठेवते. तिला वाटते आपण दोघं मिळून दुकान चालवतो, अन् ते खरंच आहे.

तळण मात्र ती घरात असताना नाही म्हणजे नाही. शाळेत गेली की 9 ते 12, बस. किचनच्या दाराला अर्ध्या उंचीचं फळ्यांचं फाटक केलं आहे सुताराकडून, कडी बाहेरच्या बाजूने वर. अन् गॅसचं लक्षात ठेवा, घरगुती सिलेंडरवर धंदा करता येत नाही, 19 किलोवालं कमर्शियल घ्या लागते. महाग पडते, ते वडीच्या भावात धरा.

लोक अजून विचारतात "सध्या घरीच का?" मी सांगतो हो, घरीच, रोजच्या 80 वड्या आहेत.

स्लाव, इंग्लंड

इथले नियम वेगळे आहेत म्हणून लिहिते, कोणाला उपयोग होईल. मी शनिवारी वडापाव, मिसळ, पुरणपोळीच्या ऑर्डरी घेते, जुळी मुलं आहेत दोन वर्षांची. सुरू करायच्या 28 दिवस आधी काउन्सिलकडे नाव नोंदवावं लागतं, फी नसते. मग एक अधिकारी घरी येऊन स्वयंपाकघर बघतात. मी तर आदल्या रात्री झोपलेच नाही, कारण आमचं किचन म्हणजे मुलांची जेवायची खुर्ची, बाटल्या, सगळं तिथेच. त्या बाई शांतपणे बसल्या आणि विचारलं की ऑर्डर बनवता तेव्हा मुलं कुठे असतात, डायपर बदलून आल्यावर हात कुठे धुता, फ्रिजचं तापमान लिहून ठेवता का. मी खरं खरं सांगितलं, शनिवारी सकाळी सहा ते दहा नवरा मुलांना वर घेऊन बसतो, तोपर्यंत खाली कोणी येत नाही. 5 पैकी 5 रेटिंग मिळालं, तो हिरवा-काळा स्टिकर बघून आईला व्हिडिओ कॉल केला.

14 ॲलर्जन्सची (ज्यांची ॲलर्जी होऊ शकते अशा पदार्थांची) माहिती द्यावी लागते, त्यात आपले तीळ, मोहरी, शेंगदाणे सगळे येतात. आपल्या मिसळीच्या मसाल्यात तीळ असतात हे मला स्वतःलाच लिहिताना पहिल्यांदा नीट जाणवलं. ते लिहायची सवय भारतातल्या ताईंनी पण लावून घ्यावी असं मनापासून वाटतं, दाण्याची ॲलर्जी असलेलं लहान मूल कुठल्याही घरात असू शकतं.

परळ

माझी मुलं मोठी झाली, पण मी स्वतः अशा घरातलं मूल होते म्हणून लिहिते. आईची खाणावळ होती, गिरणीतले बारा-तेरा गडी महिन्याच्या हिशोबावर जेवायचे. खोली दहा बाय बाराची. पहिल्या पाळीच्या डब्यांसाठी आई तीनला उठायची, स्टोव्हचा आवाज यायचा आणि आम्ही भावंडं त्याच खोलीत गोधडी डोक्यावर घेऊन झोपायचो. मी सातव्या वर्षी भाकरीचं पीठ मळायला लागले. तेव्हा सावकाराशिवाय कोणी पैसे देत नव्हतं. 1975 मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, खाणावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळायला लागलं, आईलाही मिळालं. आपलं नाव बँकेच्या कागदावर आहे ह्याचं तिला फार अप्रूप होतं. मग 1982 चा गिरण्यांचा संप झाला, गडी गावाला गेले ते बरेचसे परत आलेच नाहीत, कोणाची उधारी तशीच राहिली. आईने त्याबद्दल कधी वाईट शब्द काढला नाही.

तुम्हा मुलींच्या मनात येत असेल ना की ह्या सगळ्याचा मुलांवर परिणाम होईल का. मला आईचा वेळ कमी मिळाला, हे खरं आहे आणि ते मला आजही लागतं. पण डबे गेले की दुपारी दोन ते तीन ती आम्हाला घेऊन आडवी व्हायची, अंगाला फोडणीचा वास, आणि त्या तासात कोणी दार वाजवलं तर ती उठत नसे. तो एक तास मला सगळा आठवतो. तुमचा पण असा एक तास ठेवा, फोन बंद करून.

नाशिक

सगळ्यांचं वाचलं. माझं बाळ नऊ महिन्यांचं आहे, रांगायला लागलंय. सासूबाई आहेत पण त्यांचे गुडघे दुखतात, बाळामागे पळू शकत नाहीत. या दिवाळीला चकलीपासून सुरू करायचं मनात आहे, माझी चकली सगळ्यांना आवडते. करू का?

डोंबिवली

नको गं. या वर्षी चकलीची भाजणी वीक, अर्ध्या-अर्ध्या किलोची पाकिटं कर, बाळ झोपेल तेव्हा एकेक धान्य भाजून ठेव आणि एकदम गिरणीत दे. मोहन किती घालायचं, पाणी किती, ते कागदावर लिहून पाकिटात टाक. चकली बाळ शाळेत जायला लागलं की. आणि परळच्या काकू, आज दुपारी दोन ते तीन मी फोन बंद ठेवला होता, दोघं दोन बाजूंना झोपली होती.